सरड्याचं नाव-गाव कसं लावायचं: सेंट क्रॉयचा सरडा समोर ठेवून

मी हौस म्हणून सरपटणाऱ्या प्राण्यांवर मराठीत माहितीपत्रकं लिहितो, एका छोट्याशा निसर्गमंडळासाठी, पैसे-बिसे काही नाहीत, चहा मिळतो. मध्यंतरी बेटांवरच्या सरड्यांची मालिका करायचं ठरलं आणि माझ्या वाट्याला कॅरिबियन आलं. पहिल्याच पत्रकात मी दोन घोळ घातले. सेंट क्रॉय बेटावरच्या सरड्याला सापसुरळी म्हणून मोकळा झालो, कारण फोटोत लांबट अंग आणि पट्टे दिसले, आणि नकाशावर त्याचा वावर म्हणून सगळीच्या सगळी व्हर्जिन बेटं हिरवी रंगवली. पत्रकं वाटून झाल्यावर मंडळातल्या एका काकांनी शांतपणे विचारलं, "हे कुठनं घेतलंस?" उत्तर नव्हतं माझ्याकडे.

तर तुम्हालाही असं काही लिहायचं असेल, शाळेच्या प्रोजेक्टला म्हणा, क्विझला म्हणा, नाहीतर नुसतंच कुतूहल म्हणून, तर मी आता कसं करतो ते सांगतो. नाव-गाव-फळ-फूल खेळलेले असालच, त्यातले पहिले दोन रकाने भरायचे एवढंच काम आहे. फक्त दोन्ही रकाने दिसतात तेवढे सोपे नाहीत. उदाहरण म्हणून तोच सेंट क्रॉयचा सरडा घेतो, ज्याने माझी फजिती केली.

आधी उच्चार, नाहीतर सर्च करताना नि बोलताना दोन्हीकडे गोची. बेटाचं नाव सेंट क्रॉय. स्पेलिंगच्या शेवटी एक्स आहे म्हणून आपले लोक क्रॉइक्स वाचतात, तो एक्स गिळायचा. हे व्हर्जिन बेटांपैकी एक, अमेरिकेच्या ताब्यात आहे, १९१७ पर्यंत डेन्मार्ककडे होतं, आणि गंमत म्हणजे ते साताऱ्याच्याच अक्षांशावर आहे, १७.७ उत्तर. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणारे.

आता नावाचा रकाना. बोलीभाषेतल्या नावावर काहीही बांधू नका. इंग्रजीत याला जमिनीवरचा सरडा एवढंच म्हणतात, आणि त्या नावाचे सरडे जगात पैशाला पासरी आहेत. आपल्याकडे पाल, सरडा, सापसुरळी, घोरपड हे शब्द ज्या प्राण्यांसाठी आहेत त्यातलं कुणीच हे नाही. मी आता सरळ "सरडा" म्हणतो आणि खाली शास्त्रीय नाव देतो, उगाच नवीन मराठी नाव पाडायच्या भानगडीत पडत नाही. शास्त्रीय नाव शोधताना मात्र रोमन लिपीतच टाइप करा, देवनागरीत टाकलंत तर हाताला काही लागणार नाही.

आजचं नाव आहे फोलिडोसेलिस पोलॉप्स (Pholidoscelis polops). पण हे नाव घेऊन तुम्ही जुना रिसर्च पेपर नाहीतर जुना सरकारी कागद शोधायला गेलात तर सरडा गायब! कारण तिथे तो अमीवा पोलॉप्स (Ameiva polops) म्हणून बसलाय. दोन वेगळे सरडे नाहीत हे, एकच आहे. आणि हे कळायला एक भारी खूण असते जिच्याकडे मी कितीतरी वर्षं ढुंकूनही पाहिलं नव्हतं, ती म्हणजे कंस. शास्त्रीय नावापुढे ज्याने पहिल्यांदा वर्णन केलं त्याचं आडनाव आणि वर्ष असतं. इथे पूर्ण नाव असं लिहितात: फोलिडोसेलिस पोलॉप्स (कोप, १८६२). हा कंस शोभेचा नाहीये. कंस असला की समजायचं, या माणसाने वर्णन केलं तेव्हा जात दुसऱ्या जीनसमध्ये, म्हणजे जवळच्या जातींच्या दुसऱ्या गटात, ठेवली होती, नंतर कुणीतरी ती उचलून इकडे आणली. कंस नसेल तर पहिल्यापासून तिथेच आहे. म्हणजे नुसत्या कंसावरून कळतं की या सरड्याचं जुनं नाव असणार, शोधा. आणि म्हणूनच कॉपी-पेस्ट करताना कंस खाऊ नका, मी खाल्ला होता.

हा कोप म्हणजे एडवर्ड ड्रिंकर कोप, फिलाडेल्फियाचा, पुढे डायनासोरच्या हाडांवरून मार्श नावाच्या माणसाशी ज्याचं जन्मभराचं वैर झालं तोच. १८६२ मध्ये तो एकवीस-बावीस वर्षांचा पोरगा होता आणि एकामागून एक सरडे-साप वर्णन करत सुटला होता. शेजारच्या प्वेर्तो रिकोच्या एक्झुल नावाच्या अमीवाचं वर्णनही त्याचंच आणि त्याच वर्षीचं.

नाव बदललं का? तर बेटांवरचे अमीवा आणि दक्षिण अमेरिकेच्या मुख्य भूमीवरचे अमीवा दिसायला इतके सारखे की शंभर-दीडशे वर्षं सगळ्यांना एकाच घरात कोंबलेलं होतं. डीएनए बघितल्यावर लक्षात आलं की बेटांवरच्यांची शाखा वेगळी आहे, मग २०१६ मध्ये त्यांना वेगळं काढलं. आता वेगळं काढलं तर जीनसला नाव हवं, आणि नियम असा की नियमात बसणारं जुनं नाव कुणी आधीच देऊन ठेवलं असेल तर तेच घ्यायचं, नवीन बारसं करायचं नाही. व्हिएन्नाच्या फिट्झिंगरने १८४३ मध्येच फोलिडोसेलिस हे नाव देऊन ठेवलं होतं, ते इतकी वर्षं पेटीत पडून होतं, ते काढलं बाहेर. म्हणजे नवीन वाटणारं नाव खरं तर कोपच्या वर्णनापेक्षाही जुनं आहे. या जीनसमध्ये आता वीसेक जाती आहेत, क्युबा-बहामापासून खाली डोमिनिकापर्यंत पसरलेल्या.

अजून एक छोटा सापळा आहे, आणि इथे मराठी माणसाला फायदा आहे बघा. लॅटिनमध्ये विशेषण लिंगाप्रमाणे बदलतं, अगदी आपल्यासारखं, पिवळी पाल पण पिवळा सरडा. अमीवा स्त्रीलिंगी, फोलिडोसेलिस पुल्लिंगी. त्यामुळे डोमिनिकाची अमीवा फस्काटा झाली फोलिडोसेलिस फस्काटस, आणि हिस्पॅनिओला बेटावरची टेनियुरा झाली टेनियुरस. शेवटचं अक्षर बदललेलं बघून मी एकदा यादीत एकच सरडा दोनदा धरला होता आणि बेटावर जातींची संख्या एकने वाढवली होती, काही न करता. पोलॉप्सला हा त्रास नाही, त्याची शेपटी तशीच राहिली. पण जुन्या-नव्या याद्या जुळवताना शेवटच्या दोन-तीन अक्षरांकडे दुर्लक्ष करून मधला भाग जुळतो का ते बघायचं, आणि कोण-कधी हे जुळतं का ते बघायचं. कोप १८६२ दोन्हीकडे असेल तर बहुतेक माणूस तोच, म्हणजे सरडा तोच.

जीनसच्या वरचे मजले पटकन उरका. फॅमिली टेईडी, ऑर्डर स्क्वामाटा म्हणजे साप नि सरडे सगळे ज्यात येतात तो गण, क्लास सरपटणारे. मराठीत लिहिताना जात, प्रजाती, वंश, कुल हे शब्द जो तो आपल्या मर्जीने वापरतो, पेपरवाले स्पीशीजला प्रजाती म्हणतात आणि जुनी पुस्तकं जाती म्हणतात, त्यामुळे पत्रकाच्या सुरुवातीलाच एकदा सांगून टाका की मी कुठला शब्द कशाला वापरतोय. मी स्पीशीजला जात म्हणतो आणि जीनसला जीनसच, वाद नको.

फॅमिली मात्र नुसती लिहू नका, अंगावर बघा. माझी सापसुरळीची चूक तिथेच पकडता आली असती. सापसुरळीचे खवले पाठीवर-पोटावर साधारण सारखेच, कौलांसारखे एकावर एक, गुळगुळीत, चकचकीत, हातातून सटकणारे. टेईडीवाल्यांच्या पाठीवर बारीक रव्यासारखे दाणे आणि पोटावर मात्र मोठ्या चौकोनी फरश्या, ओळीत बसवल्यासारख्या. पोटाचा फोटो मिळाला की काम फत्ते. कॅरिबियनमध्ये दुसरा गोंधळ होतो तो ॲनोल नावाच्या सरड्यांशी, पण ॲनोलच्या नराच्या गळ्याखाली उघडझाप होणारा पंखा असतो, बोटांना चिकटणाऱ्या गाद्या असतात आणि तो बहुतेक झाडा-कुंपणावर टांगलेला असतो. आपला हा पठ्ठ्या जमिनीवर, पाचोळा उकरत, थांबत-धावत-थांबत. पोलॉप्स नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत जेमतेम सात-साडेसात सेंटीमीटर, पाठीवर तपकिरी पट्टा, बाजूंनी गडद-फिकट रेघा, गळा-छाती गुलाबीसर लाल, आणि शेपटीवर निळ्या-काळ्या कड्या. एकदा पाहिलात की विसरणार नाही. आणि भारतात टेईडी फॅमिलीचा एकही सरडा नाही, ती सगळी मंडळी अमेरिका खंडातलीच, त्यामुळे "आमच्याकडे पण असतो हा" असं कुणी म्हटलं तर नम्रपणे फोटो मागा.

आता गावाचा रकाना, आणि खरी मजा इथे आहे. सरड्याची धाव कुंपणापर्यंत असं आपण म्हणतो, वावराचा नकाशा काढायचा म्हणजे ते कुंपण कुठे आहे नि कुणी घातलं ते शोधायचं.

पहिलं कुंपण समुद्राचं, पण वरून दिसणारा समुद्र नाही, तळ बघायचा. हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होती. तेव्हा प्वेर्तो रिको, सेंट थॉमस, सेंट जॉन, टॉर्टोला हे सगळं एकच सलग पठार होतं, सरडे चालत जाऊ शकत होते. म्हणून आजही या बेटांवर बऱ्याच जाती सामाईक आहेत, तो एक्झुल सरडा प्वेर्तो रिकोतही आहे आणि सेंट थॉमसलाही. सेंट क्रॉय मात्र या पठारावर नाही. सेंट थॉमसपासून दक्षिणेला साठ-पासष्ट किलोमीटरच असेल, पण मध्ये समुद्र चार हजार मीटरच्या वर खोल आहे. पातळी १२० मीटर खाली गेली काय नि २०० गेली काय, क्रॉय एकटंच. म्हणून पोलॉप्स तिथलाच, दुसरीकडे कुठेही नाही. मी नकाशावर नुसतं नाव बघून रंग भरला, व्हर्जिन बेटं सगळी एकाच नावाची म्हणून, तिथे चुकलो. कॅरिबियनमधल्या कुठल्याही सरड्याचा नकाशा काढायच्या आधी समुद्राच्या खोलीचा नकाशा उघडा, फिकट निळा भाग कुठे जोडलाय ते बघा, निम्मं उत्तर तिथेच आहे.

दुसरं कुंपण मुंगसाचं. आणि इथे आपला, म्हणजे भारताचा, थेट संबंध येतो. उसाच्या मळ्यांत उंदरांनी उच्छाद मांडला होता म्हणून १८७२ मध्ये जमैकाच्या एका मळेवाल्याने, एस्प्यूट त्याचं नाव, कलकत्त्याहून नऊ मुंगसं मागवली. नऊ! त्यांचीच पिल्लावळ पुढे बेटाबेटांवर नेली गेली, सेंट क्रॉयवर १८८४ मध्ये पोचली. आता उंदीर फिरतो मुख्यतः रात्री आणि मुंगूस दिवसा. दिवसा उन्हात जमिनीवर कोण फिरतं? आपला सरडा. पुढचं सांगायला नको. १९६८ च्या आसपास मुख्य बेटावरचे शेवटचे सरडेही संपले. (आपल्याकडे कोकणात-घाटावर अंगणातून जातं ते मुंगूस वेगळ्या जातीचं, आकाराने मोठं, तेव्हा आपल्या अंगणातल्याला बोल लावू नका. आणि त्या छोट्या मुंगसाचंही जीनस बदललंय, हर्पेस्टिसवरून उर्वा, म्हणजे नावाचा खेळ तिथेही चालूच.)

मग सरडा उरला कुठे? जिथे मुंगूस पोचलं नाही अशा दोन टिकल्यांवर. एक प्रोटेस्टंट के (के म्हणजे चिमुकलं बेट), सेंट क्रॉयच्या ख्रिश्चनस्टेड गावाच्या बंदरातच, तीनेक एकराचं, ज्याच्यावर हॉटेल आहे आणि लोक छोट्या होडीने पलीकडे पोहायला जातात. दुसरं ग्रीन के, चौदा एकर, जे १९७७ मध्ये अभयारण्य झालं, आणि त्याच वर्षी अमेरिकन सरकारने या सरड्याला संकटग्रस्त यादीत टाकलं. जरा हिशोब करून बघा. सेंट क्रॉय बेट ८४ चौरस मैल, म्हणजे त्रेपन्न हजार एकरांच्या वर. त्यातून उरले सतरा एकर. नकाशावर सेंट क्रॉय रंगवलंत तर ते धादांत खोटं आणि नाही रंगवलंत तर सरडा मूळचा कुठला हेच कळत नाही.

यावर माझा उपाय असा की एकाच नकाशात तीन खुणा करायच्या. मूळचा होता पण आता नाही तिथे नुसती पोकळ रेघ. मूळचा आहे आणि टिकून आहे तिथे भरलेला रंग. माणसांनी नेऊन सोडला तिथे चौकोन. आणि तिसऱ्या खुणेजवळ वर्ष लिहायचंच, कारण वर्षाशिवाय ती खूण लबाडी करते, दोनशे वर्षांनी कुणी म्हणेल बघा इथेही मूळचाच होता.

पोलॉप्सला असे दोन चौकोन लागतात. पहिला रूथ के, दक्षिण किनाऱ्याला, हे बेटच मुळात खोटं, बंदर खोदताना निघालेला गाळ टाकून तयार झालेलं. तिथे १९९० मध्ये प्रोटेस्टंट केवरून दहा सरडे सोडले. म्हणजे जे बेट कोपच्या काळात अस्तित्वातच नव्हतं त्याच्यावर आज त्याचा सरडा आहे. दुसरा बक आयलंड, ईशान्येला, पावणेदोनशे एकर, १९६१ पासून राष्ट्रीय स्मारक. तिथे साठच्या दशकात एकदा सरडे सोडून बघितले होते पण मुंगसं तिथे तेव्हा होतीच, टिकले नाहीत. मग मुंगसं पूर्ण काढल्यावर २००८ मध्ये ग्रीन केवरून सत्तावन्न सरडे आणले, आधी कुंपणात ठेवले, रुळल्यावर मोकळे केले. सरड्याची धाव कुंपणापर्यंत ही म्हण इथे अक्षरशः लागू झाली आणि मग कुंपण काढून टाकलं! पाच-सहा वर्षांत हजाराच्या वर गेले ते.

आता नकाशावर टिंबं देताना काय तपासायचं ते सांगतो, कारण ऑनलाइन डेटाबेसमधनं, जीबीआयएफ म्हणा नाहीतर आयनॅचरलिस्ट म्हणा, टिंबं उचलणं फार सोपं झालंय आणि चुका पण तितक्याच सोप्या. बक आयलंड नावाचं दुसरं बेट सेंट थॉमसजवळही आहे. ग्रीन के तर कॅरिबियनमध्ये गल्लोगल्ली. म्हणून नाव वाचून टिंब देऊ नका, अक्षांश बघा, १७.७-१७.८ असेल तर सेंट क्रॉयचं, १८.३ च्या आसपास असेल तर ते सेंट थॉमसकडचं, टाका बाहेर. जुन्या लेबलवर सांता क्रूझ लिहिलेलं असू शकतं, ते सेंट क्रॉयचंच स्पॅनिश नाव, पण सांता क्रूझ गालापागोसमध्येही आहे आणि अजून दहा ठिकाणी आहे.

रेखांशाचं उणे चिन्ह तर विसरूच नका. सेंट क्रॉय उणे ६४.७ वर आहे. एक्सेलमध्ये माझ्याकडून उणे उडालं आणि सरडा जाऊन पडला अरबी समुद्रात, रत्नागिरीच्या पश्चिमेला नऊशेएक किलोमीटरवर. ते बघून इतका हसलो की तो स्क्रीनशॉट अजून ठेवलाय. तो अक्षांश साताऱ्याचाच असल्यामुळे टिंब बरोबर साताऱ्याच्या रेषेत, फक्त पाण्यात.

आणि आयनॅचरलिस्टवर संकटातल्या जातींची नेमकी जागा मुद्दाम धूसर करून ठेवतात, चोरीमारी नको म्हणून. त्यामुळे टिंब समुद्रात किंवा भलत्याच किनाऱ्यावर दिसलं तर ते नवीन ठिकाण सापडलं म्हणून नाचायचं नाही. तशी टिंबं मी नकाशात घेतच नाही. उलट, नेमकी जागा तुम्हाला कुठून कळलीच तरी पत्रकात बेटाच्या नावापर्यंतच थांबा, अमुक झाडाखाली असं लिहायची गरज नसते.

नाव पक्कं करायला मी रेप्टाइल डेटाबेस बघतो, १९९५ पासून चालू आहे, त्यात जुनी नावं एकाखाली एक वर्षासकट लावलेली असतात. वावर पक्का करायला मात्र एका जागेवर भागत नाही, तिथे बेटाचं नाव एवढंच मिळतं, कुठल्या टोकाला, कधीपर्यंत, कुणी सोडला हे नाही. त्यासाठी अमेरिकन वन्यजीव खात्याचे या जातीवरचे अहवाल वाचायला लागतात, कंटाळवाणे असतात पण एकर-वर्षं-आकडे तिथेच सापडतात. वाचताना जुनं आणि नवं दोन्ही नाव टाकून शोधा, हे वर सांगितलंच.

सगळं झाल्यावर माझ्या दुरुस्त केलेल्या पत्रकात नोंद अशी आली: "फोलिडोसेलिस पोलॉप्स (कोप, १८६२). आधीचं नाव अमीवा पोलॉप्स. फॅमिली टेईडी. मूळ वावर फक्त सेंट क्रॉय आणि भोवतालची छोटी बेटं. मुख्य बेटावरून नाहीसा. मूळचा टिकून: प्रोटेस्टंट के, ग्रीन के. सोडलेला: रूथ के १९९०, बक आयलंड २००८." पाच-सहा ओळी. यासाठी मला तीन रविवार लागले. काकांना नेऊन दाखवलं, त्यांनी चष्मा वर करून वाचलं आणि म्हणाले, "सेंट क्रॉइक्स असं नाही का लिहायचं?"